कार्ड तुमच्याकडं आहे ना, मग ड्रायव्हर सांभाळायला बसा

परभणीला आमचं जुनं घर माळवदाचं, वरून बारीक माती गळत राहते, आणि त्या घरातल्या मधल्या खोलीत आजीच्या जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलेला एक पेंटियम फोर आहे ज्यात सीएमआय8738 चिपचं पीसीआय (मदरबोर्डवरच्या जुन्या स्लॉटात बसणारं) साउंड कार्ड बसवलंय. त्यावर मी कॅसेटी उतरवून घ्यायलोय, गंगाखेडकडच्या दिंड्यांतली भजनं, भारुडं, एका मामाच्या लग्नातला गोंधळ, असं बरंच. लोक म्हणतात यूएसबीचं डोंगल घे की बारकं. घेतलं होतं, त्याला माइकचं एकच मोनो भोक, लाइन इन (टेप डेकचा आवाज आत घ्यायचं भोक) नाहीच, टेप डेक लावला की आवाज फाटतो. जुन्या कार्डाला निळा लाइन इन आहे, स्टिरिओ आहे, विषय संपला.

आता होतं काय, लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केला की एखाद दिवशी कार्ड गप्प होतं आणि माणूस विचारत फिरतो की ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) कुठून डाउनलोड करू. लिनक्समध्ये ह्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो, वेगळा उतरवायचा नसतो, आणि तो चालू ठेवायचं काम कोणीतरी करावं लागतं. ज्यांना सी भाषा येते त्यातल्या बहुतेकांकडं आता ही कार्डं उरली नाहीत, आणि ज्यांच्याकडं कार्ड आहे ते म्हणतात आपल्याला सी कुठं येतंय. माझं म्हणणं एवढंच की दुसरी अडचण पहिलीपेक्षा लई सोपी आहे. कोड वाचायला शिकता येतं, 2001 सालचं कार्ड आता कोणी बनवून देत नाही. (कमांडा मी खाली बोलतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

आधी कार्ड कोणतं ते नीट बघा. डब्यावरचं नाव विसरा, आपल्याकडं तेव्हा डीलर जो डबा हाताला लागेल त्यात कार्ड घालून द्यायचे. कार्ड काढा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि सगळ्यात मोठ्या चिपवरची अक्षरं वाचा, धूळ असेल तर ओल्या बोटानं पुसून. मग मशीन चालू करून एलएसपीसीआय ला डॅश एनएन लावून मारा, चौकटी कंसात दोन आकडे येतील, ते कार्डाचं खरं आधार कार्ड. 13एफ6:0111 म्हणजे सीएमआय8738, ड्रायव्हर एसएनडी-सीएमआयपीसीआय. 1274:1371 किंवा 1274:5880 म्हणजे एन्सोनिकवालं कुळ, एसएनडी-ईएनएस1371. 125डी:1969 म्हणजे ईएसएस सोलो-1, एसएनडी-ईएस1938. 1102:0002 म्हणजे साउंड ब्लास्टर लाइव्ह, एसएनडी-ईएमयू10के1. हे आकडे वहीत लिहा, पुढं प्रत्येक ठिकाणी लागतात.

मग ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या आधी कार्डाची तब्येत. आमच्याकडं मे महिन्यात खोलीत पंखा सुद्धा गरम हवा फेकतो, त्यात जिनिंगच्या हंगामात सरकीचा बारीक कापूस उडून कॅबिनेटमध्ये जातो आणि त्यावर माळवदाची माती, म्हणजे स्लॉटमध्ये अक्षरशः गादी तयार होते. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरानं घासा, भुसा झटका, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. कपॅसिटर फुगलेत का ते बघा, वरचं तोंड सपाट पाहिजे. एसएमपीएसचा पंखा फिरतो का तेही. हे सगळं पंधरा मिनिटाचं काम आहे आणि ते न करता मी एकदा तीन रात्री कोड वाचत बसलो होतो.

ती तीन रात्रींची गोष्ट सांगतोच, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. हार्ड डिस्क मेली, नवीन सिस्टिम टाकली, गाणं वाजायचं पण लाइन इनमधून एक थेंब आवाज येईना. मी ठरवूनच टाकलं की नव्या कर्नलनं कॅप्चर (रेकॉर्डिंग) मोडलं. शेवटी भाचा आला सुट्टीत, त्यानं अल्सामिक्सर (आवाजाच्या पातळ्या लावायचा प्रोग्राम) उघडून उजवीकडं उजवीकडं सरकत गेला आणि म्हणाला मामा हे लाइन-इन मोड काय आहे, इथं रिअर आउटपुट लिहिलंय. झालं. ह्या चिपमध्ये निळी पिन दोन कामं करते, लाइन इन तरी नाहीतर मागच्या स्पीकरचं आउटपुट तरी, आणि ते मिक्सरमधल्या एका खटक्यावर ठरतं. जुन्या डिस्कवर माझी सेटिंग सेव्ह होती, नव्यावर नव्हती. एवढंच. तेव्हापासून नियम: मिक्सर बरोबर लागला की एएलएसएसीटीएल स्टोअर मारायचं आणि ती स्टेटची फाइल पेन ड्राइव्हवर पण ठेवायची.

टेस्ट करताना मधले थर काढून टाका. पाइपवायर किंवा पल्सऑडिओ (सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणारे) मधे आले की दोष कोणाचा ते कळत नाही, म्हणून ते बंद करून थेट हार्डवेअरला बोला: एप्ले ला डॅश कॅपिटल डी एचडब्ल्यू:0,0 देऊन एक वेव्ह फाइल वाजवा, एरेकॉर्ड ला तसंच देऊन तीस सेकंद रेकॉर्ड करा. आवाज येत नसेल तर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची (कार्ड प्रोसेसरला मारतं त्या हाकांची) फाइल दोनदा बघा, दहा सेकंदांच्या फरकानं. कार्डाच्या नावापुढचा आकडा वाढत असेल तर इंटरप्ट येतोय, म्हणजे कार्ड काम करतंय आणि गडबड मिक्सर किंवा वायरीत आहे. आकडा जागचा हलत नसेल तर मामला खोल आहे. तसंच प्रॉक, असाउंड, कार्ड0, पीसीएम0पी, सब0 ह्या रस्त्यानं गेलात की स्टेटस नावाची फाइल मिळते, त्यात एचडब्ल्यू पॉइंटर पुढं सरकतोय का बघा. हा पॉइंटर म्हणजे कार्ड मेमरीतून कुठवर वाचत आलंय त्याची खूण. मला विचाराल तर ह्या दोन फायली सगळ्या लॉगांपेक्षा जास्त खरं बोलतात.

एक फसवी गोष्ट अजून. जरा नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट दिसतो पण तो बऱ्याचदा पीसीआय एक्सप्रेसला एका ब्रिज चिपवरून जोडलेला असतो, आणि काही ब्रिज इंटरप्ट घोळात घालतात. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "आयआरक्यू नोबडी केअर्ड" (इंटरप्ट आला, पण कोणी घेतला नाही) अशी ओळ दिसली तर कार्ड आणि ड्रायव्हर दोघं निर्दोष असू शकतात, कार्ड दुसऱ्या मशीनवर लावून बघा मगच कोणाला तरी लिहा.

थोडा इतिहास, कारण इंटरनेटवरची अर्धी जुनी माहिती चुकीच्या काळातली असते. लिनक्सचे आवाजाचे ड्रायव्हर हानू साव्होलाइनेन यांनी 1992 च्या सुमाराला सुरू केले, त्याचंच पुढं ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) झालं. 1998 मध्ये यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी सुरू केलेल्या कामातून अल्सा (लिनक्समधली आजची आवाजाची व्यवस्था) निघालं, आणि 2003 च्या डिसेंबरात 2.6 कर्नल आला तेव्हापासून अल्साच मुख्य. जुना ओएसएसचा कोड नंतर कर्नलमधून बहुतेक सगळा काढूनच टाकला. म्हणून कुठं स्लॅश डेव्ह स्लॅश डीएसपी असं ओएसएसच्या काळचं नाव लिहिलेलं दिसलं की समजायचं हे पंचांग जुनं आहे. आज कर्नलच्या साउंड फोल्डरमध्ये पीसीआय आणि आयएसए (पीसीआयच्याही आधीचा स्लॉट) अशी दोन घरं आहेत आणि आपली कार्डं तिथंच राहतात. सीएमआयपीसीआय.सी ही एकच फाइल आहे, तीन हजारांच्या वर ओळी, पण घाबरू नका, प्रोब नावाचं (कार्ड सापडलं की पहिलं चालणारं) फंक्शन शोधा आणि तिथून वाचायला लागा, म्हणजे घराच्या दारातून आत गेल्यासारखं होतं.

आता ड्रायव्हर मोडतो कशानं. कार्ड तर वीस वर्षं बदललं नाही! बदलतं ते आजूबाजूचं. कर्नलच्या आतली फंक्शनं सतत बदलतात, एखादं काढून त्याजागी दुसरं येतं आणि जो बदलतो तो शेकडो फायली एकदम बदलतो, त्यातल्या निम्म्या कार्डांना त्यानं आयुष्यात हात लावलेला नसतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. उदाहरण घ्या. 5.15 कर्नलच्या वेळी, 2021 मध्ये, साउंडचे जुने ड्रायव्हर मॅनेज्ड रिसोर्स पद्धतीवर नेले. म्हणजे पोर्ट, इंटरप्ट वगैरे ड्रायव्हरनं स्वतः परत करायचं नाही, कर्नल आपोआप उलट्या क्रमानं परत करतो. कोड छान छोटा झाला. पण प्रोब मध्येच फसला तर गडबड व्हायची, कारण कार्डाच्या आधी त्याचे पोर्ट सोडले जायचे आणि मग कार्डाचं आवरतं घेणारं फंक्शन त्या सोडलेल्या पोर्टला हात घालायचं. भाड्याचं घर रिकामं करून चावी देऊन टाकली आणि मग आठवलं की आतला पंखा बंद करायचा राहिला, तसं. एप्रिल 2022 मध्ये एकामागं एक दुरुस्त्या आल्या, सीएमआयपीसीआय त्यात होता, ईएनएस137एक्स होता, ईएस1938 पण होता. असला दोष कार्ड हातात नसलेल्याला सहजासहजी दिसत नाही, कारण कोड कंपाइल व्यवस्थित होतो.

दुसरं नेहमीचं कारण डीएमए, म्हणजे कार्डानं प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरी वाचणं. जुन्या कार्डांना सगळी मेमरी दिसत नाही. साउंड ब्लास्टर लाइव्हची चिप 31 बिटच्या पत्त्यापर्यंत पोचते, म्हणजे 2 जीबी. ईएसएस सोलो-1 तर पीसीआय असून 24 बिटलाच थांबते, म्हणजे पहिल्या 16 एमबीच्या पुढचं तिला दिसत नाही, अंगावर शहरी शर्ट पण डोकं आयएसएचं. लाइव्हच्या ड्रायव्हरमधली डीएमए मास्कची (कार्डाला कुठवरचा पत्ता दिसतो ते सांगणारी) ती एक ओळ कोणी "साफसफाई" म्हणून हलवली आणि तुमच्या मशीनमध्ये 4 जीबी रॅम असेल तर आवाजाच्या जागी खरखर येते, आणि ज्याच्याकडं 512 एमबी आहे तो म्हणतो माझ्याकडं तर चालतंय. रिपोर्ट लिहिताना रॅम किती ते लिहायचं ते याच्यामुळं.

आयएसए कार्डवाल्यांचं दुखणं वेगळंच. 64 बिटच्या एक्स86 कर्नलमध्ये ते ड्रायव्हर बनतच नाहीत, आयएसएचा पर्याय फक्त 32 बिटमध्ये दिसतो. आणि डेबियन 13, जे ऑगस्ट 2025 मध्ये आलं, त्यात 32 बिट पीसीचा कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद झाले. म्हणजे साउंड ब्लास्टर 16 सांभाळायचं असेल तर कर्नल स्वतः कंपाइल करायची तयारी पाहिजे. पोर्ट 220 हेक्स, आयआरक्यू 5, आठ बिटचा डीएमए 1, सोळा बिटचा डीएमए 5, ही जोडी बहुतेक ठिकाणी जमते, नाही जमली तर जंपर बघा आणि तेच आकडे मॉडप्रोब एसएनडी-एसबी16 च्या पुढं पोर्ट, आयआरक्यू, डीएमए8, डीएमए16 असे द्या. कार्ड जिवंत आहे का हे ड्रायव्हर कसं विचारतो ते एकदा कोडमध्ये बघाच, लई गोड आहे: 226 वर 1 लिहायचा, काही मायक्रोसेकंद थांबायचं, मग 0 लिहायचा, आणि मग 22ए वरून वाचायचं. उत्तर एए आलं की कार्डानं हाकेला ओ दिली. एए आलं नाही तर पुढचं काहीच करू नका, पोर्ट चुकलाय किंवा कार्ड गेलंय.

ज्यांच्याकडं स्लॉटच नाही ते क्यूएमूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या खोट्या मशीनमध्ये, एसबी16, ईएस1370, एसी97 असली खोटी कार्डं लावून काम करू शकतात. मी पण करतो, कर्नल बूट होतो का, मॉड्यूल (ड्रायव्हरचा सुटा चढवता येणारा तुकडा) चढतं उतरतं का, एवढं बघायला. पण खोटं कार्ड कधी धुळीनं अडत नाही आणि वेळेच्या बाबतीत ते फार शहाणं असतं, म्हणून क्यूएमूत चाललं एवढ्यावर "टेस्ट केलं" असं लिहू नका. लिहायचंच असेल तर क्यूएमूत केलं असं स्पष्ट लिहा.

मोडलंय हे पक्कं झालं की कोणत्या बदलानं मोडलं ते शोधायचं, त्याला गिट बायसेक्ट. चांगला कर्नल सांगा, वाईट सांगा, तो मधला काढून देतो, तुम्ही बूट करून चांगला की वाईट ते सांगायचं. एका रिलीजमध्ये दहा हजारांच्या वर बदल असतात, तरी निम्मे निम्मे करत चौदाएक फेऱ्यांत उत्तर येतं. पेंटियम फोरवर कंपाइल करायला बसाल तर दिवाळी येईल. लॅपटॉपवर करा. जुन्या मशीनवर एलएसमॉडचं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या, ती फाइल लॅपटॉपवर आणून मेक लोकलमॉडकॉन्फिगला द्या, म्हणजे त्या मशीनला लागतात तेवढीच मॉड्यूलं बनतात आणि तासांचं काम मिनिटांवर येतं. घाई असेल तर बायसेक्टला फक्त साउंड फोल्डर द्या, फेऱ्या कमी होतात, पण उत्तर वेड्यासारखं आलं तर समजा दोष साउंडच्या बाहेर आहे, पीसीआय किंवा पॉवर मॅनेजमेंटमध्ये, आणि मग पूर्ण बायसेक्ट करावंच लागतं. प्रत्येक फेरी वहीत लिहा! लाइट जाते, इन्व्हर्टर जुन्या कॅबिनेटला दहा मिनिटं सुद्धा धरत नाही, आणि रात्री अकराला आपण कितवी फेरी चांगली म्हणलो होतो ते आठवत नाही. बायसेक्ट लॉगची कमांड पण आहे, तिचं आउटपुट रोज मेल करून ठेवा स्वतःला.

दोषी बदल सापडला की नव्वद टक्के काम झालं. पॅच (कोडातली दुरुस्ती) स्वतः लिहिता आला तर उत्तम, नाही आला तर नुसतं "ह्या बदलानं हे कार्ड मोडलं, तो उलटवला की चालतं" एवढं कळवलं तरी चालतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पॅच परत येतो की हा लावून बघा. साउंडचे मुख्य मेंटेनर (कोड सांभाळणारे) ताकाशी इवाई आणि किसेला आहेत, पण कोणाला पाठवायचं ते डोक्यानं ठरवू नका, कर्नलमधली गेट मेंटेनर नावाची स्क्रिप्ट पॅचवर चालवा, ती पत्ते देते. पॅच चेकपॅच ह्या तपासणाऱ्या स्क्रिप्टमधून काढा. संदेशात आधी काय बिघडलं ते, मग कशानं, मग काय केलं. फिक्सेसच्या ओळीत दोषी कमिटच्या (बदलाच्या) नंबरची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. साइन्ड-ऑफ-बाय मध्ये लोक ओळखतात ते नाव, निनावी चालत नाही. आणि मेल गिट सेंड-ईमेलनंच, ब्राउझरमधून चिकटवलात की टॅबच्या जागी स्पेस होतात आणि पॅच लागत नाही, माझा पहिला पॅच असाच वाया गेला, समोरून फक्त दोन ओळी आल्या की पॅच लागत नाही परत पाठवा, मला वाटलं चिडले. चिडले नव्हते, ते तसंच लिहितात.

नवीन माणसाला एक खाज असते, जुना कोड दिसला की तो सुंदर करायची. मोकळ्या जागा नीट करणं, नावं बदलणं. नका करू. ज्या ओळीनं वीस वर्षं आवाज दिला ती वेडीवाकडी दिसत असली तरी तिच्यामागं कुठल्यातरी कार्डाचा एखादा रोग असू शकतो. कोडात विचित्र डिले दिसला, एखादं रजिस्टर दोनदा लिहिलेलं दिसलं, तर गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या बदलानं आली ते दाखवणारी कमांड) मारून बघा ते का आलं. कारण कळल्याशिवाय काढायचं नाही आणि काढलंच तर स्वतःच्या कार्डावर वाजवून मगच.

बाकी नेमाचं काम थोडंच आहे. नवीन कर्नल नऊ-दहा आठवड्यांनी येतो. आधी दोन आठवडे सगळे मोठे बदल आत घेतले जातात, मग आरसी1 (पहिली चाचणी आवृत्ती), आणि पुढं दर रविवारी एक आरसी. मी आरसी1 ला हात लावत नाही, दुसऱ्या देशातल्या लोकांना मार खाऊ दे, आरसी2 किंवा आरसी3 ला बसतो. एक गाणं पूर्ण वाजवायचं, एका कॅसेटची एक बाजू पूर्ण रेकॉर्ड करायची कारण काही दोष वीस मिनिटांनीच दिसतात, मॉड्यूल दहा वेळा उतरवून चढवायचं, मशीन झोपवून उठवायचं आणि उठल्यावर परत वाजवायचं. झोपून उठल्यावर मिक्सर शून्यावर जाणं हा जुन्या कार्डांचा आवडता रोग आहे, तो खास बघा. दोन तासांत होतं, त्यातला एक तास तर भजनच ऐकायचं असतं. काही मोडलं नाही तर गप्प बसा, आणि कोणी तुमच्या ड्रायव्हरला हात लावणारा पॅच पाठवलेला दिसला तर तो लावून वाजवा आणि टेस्टेड-बाय म्हणून एक ओळ पाठवा. त्या एका ओळीची किंमत समोरच्याला कळते, कारण त्याच्याकडं कार्ड नाही.

आणि सुटं कार्ड ठेवा. मी नांदेडला भंगारवाल्या मामाकडून तीन घेतली होती, किलोच्या भावानं द्यायला तयार होते, मीच लाजून शंभराची नोट दिली. प्रत्येकाच्या मागं पांढऱ्या टेपवर मार्करनं लिहून ठेवलंय. एकावर "लाइन इन चालतो, माइक मेला", दुसऱ्यावर "उजवा कान कमी", आणि तिसऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह आहे, ते ह्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला की लावून बघू.